गुलाबी निघालेला माल

कल्याण पूर्वेच्या कोळसेवाडीत भीमाबाईला ओळखत नाही असा माणूस सापडणार नाही, आणि मुद्दाम तिच्या वाटेला जाईल असाही सापडणार नाही. बाई वाईट आहे म्हणून नव्हे. कुणाचं बाळंतपण असो, कुणाला दवाखान्यात न्यायचं असो, सगळ्यात आधी तीच पायात चपला सरकवते. पण तिचा राग कधी शिळा होत नाही. चारचौघांचा राग दुधासारखा उतू जातो आणि गॅस बंद केला की खाली बसतो. भीमाबाई डूख धरते. एका साडीवाल्यानं "ह्या साड्या तुम्हाला नाही परवडणार" म्हटलं, तेव्हापासून त्याच्या दुकानासमोरून जायला नको म्हणून ती आजतागायत वळसा घालून मंडईत जाते. जावेनं बारशाला तिला मागच्या पंगतीत बसवलं, तर त्याच बाळाच्या लग्नात ही जेवली नाही. आहेर केला, नवरानवरीला आशीर्वाद दिला, आणि घरी येऊन पिठलं टाकून खाल्लं.

हे झाले किरकोळ डूख. मोठा डूख एकच होता, आणि तो होता प्रशांतसाहेबांवर.

प्रशांतसाहेब म्हणजे डोंबिवली एमआयडीसीत नयनभाईंचा जो पांढऱ्या भुकटीचा कारखाना आहे, तिथले मॅनेजर. ही भुकटी साधीसुधी नव्हे. तिचं नाव झिरकोनिया, आणि तिच्यापासून दातांवर बसवायच्या कॅप करतात. दात कसा पांढराशुभ्र हवा, म्हणून भुकटीही तशीच हवी. तिच्यात रंगाची जराशी झाक आली तरी गिऱ्हाईक गाडी परत पाठवतं. आधी कच्चा माल, म्हणजे खडूसारखं दिसणारं एक कार्बोनेट, साध्या मिठाबरोबर बॉलमिलमध्ये घालतात. बॉलमिल म्हणजे आडवं फिरणारं मोठं पिंप, आत पांढऱ्या सिरॅमिकच्या गोळ्या. त्या गोळ्यांखाली माल रगडून पिठासारखा होतो. मीठ कशाला, तर पोळ्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून आपण मधे पीठ भुरभुरतो, त्याच कामाला. मग तो माल कुंड्यांत भरून भट्टीत जातो. तिथं तापून त्यातला वायू उडून जातो आणि मागे ऑक्साइडची भुकटी राहते, पण मिठासकट. शेवटी पाण्यानं धुऊन धुऊन ते मीठ काढून टाकायचं. हे धुण्याचं खातं बायकांचं, आणि भीमाबाई त्या खात्यातली सगळ्यात जुनी. धुतलेल्या पाण्यात बाटलीतल्या औषधाचा थेंब टाकून बघायचा. पाणी दुधाळ झालं की मीठ बाकी आहे, पुन्हा धुवा.

तिच्याआधी त्याच कारखान्यात तिचा नवरा होता. धोंडिबा. भट्टीवर.

धोंडिबा म्हणजे कमी बोलणारा, सरळ नाकासमोर चालणारा माणूस. पंचशील भिंतीवर लावायचं नसतं, पाळायचं असतं, असं मानणारा. त्यातलं पाचवं, दारूला न शिवण्याचं, तर त्यानं इतकं पाळलं की सर्दीचं औषध घेतानासुद्धा तो बाटलीवरचं बारीक अक्षर कुणाकडून तरी वाचून घेई. रविवारी विहारात वंदना घ्यायला पुढे तोच बसायचा. त्याचा आवाज काही गोड नव्हता, पण तो म्हणायला लागला की मागची पोरं कुजबुजायची थांबत. भीमाबाईला नवऱ्याच्या त्या जागेचा अभिमान होता. तिच्याजवळ मिरवण्यासारखं दुसरं होतं तरी काय?

आणि एक दिवस भट्टीतून निघालेला माल गुलाबी निघाला. अख्खी बॅच. त्या काळी प्रशांतसाहेब नुसते शिफ्टचे इनचार्ज होते. त्यांनी नयनभाईंना सांगितलं की धोंडिबा पिऊन झोपला होता, कुंड्यांवर त्यानं गंजकी झाकणं ठेवली, गंज मालात उतरला. नयनभाईंनी धोंडिबाला त्याच दुपारी घरी बसवलं. काढून टाकलं ते एकवेळ सोसलं असतं. पण "पिऊन झोपला होता" हे वाक्य कारखान्यातल्या कुणीतरी कोळसेवाडीत आणलं, आणि कोळसेवाडीतून ते विहारात गेलं.

कुणी तोंडावर काही बोललं नाही. धोंडिबाच पुढच्या रविवारी मागे जाऊन बसला, दाराशी. वंदना दुसऱ्या कुणीतरी घेतली. भीमाबाई त्याच्याशी भांडभांड भांडली, म्हणाली, "अहो, जाऊन ओरडून सांगा ना सगळ्यांना!" तो म्हणाला, "मी प्यायलो नव्हतो, हे मला माहितेय." बस. आणि भीमाबाईचा जीव जास्त तुटला तो कशानं, हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. ती बातमी कानावर आली त्या संध्याकाळी, नवरा घरात शिरताना, तिनं त्याचं तोंड हुंगून बघितलं होतं. तो दारातच थांबला होता आणि तिला हुंगू दिलं होतं.

पुढे घरात चणचण व्हायला लागली तशी भीमाबाई काम मागायला एमआयडीसीत फिरली, आणि फिरत फिरत त्याच फाटकाशी येऊन पोहोचली. प्रशांतसाहेबांनी तिला लगेच घेतलं. वर सगळ्यांसमोर म्हणाले, "नवऱ्याच्या चुकीची शिक्षा बायकोला कशाला?" तिनं तेव्हा मान खाली घालून "उपकार झाले साहेब" म्हटलं. त्या वाक्याची पुढे तिला इतकी चीड आली की ते आठवलं की ती हातातलं भांडं आपटायची.

पण तोवर तिला खरं माहीत नव्हतं. खरं तिला सांगितलं ते खुद्द प्रशांतसाहेबांनीच.

म्हणजे तिला नाही सांगितलं. सलिल नावाचा नवा इंजिनिअर आला होता, त्याला सांगितलं. साहेबांना नव्या माणसाला कारखाना फिरवून दाखवायची हौस. धुण्याच्या खात्यात उभं राहून, भीमाबाईच्या डोक्यावरून ते बोलत होते. ती टबात कोपरापर्यंत हात घालून बसली होती.

"एक लक्षात ठेव हां सलिल," साहेब म्हणाले, "मिलमध्ये स्टीलची गोळी कधी जाऊ द्यायची नाही. मी एकदा शहाणपणा केलेला. आमच्या सिरॅमिकच्या गोळ्या कमी पडल्या, कंटेनर पोर्टात अडकलेला. म्हटलं, थोड्या स्टीलच्या टाकल्या तर काय बिघडतं? शेजारच्या रंगवाल्याकडून आणल्या आणि दिल्या ढकलून. मिलमधून निघाला तेव्हा काही कळलं नाही. भट्टीतून काढतो तर काय, सगळा माल गुलाबी! लोखंड उतरलेलं ना!" आणि साहेब खो खो हसले.

"बापरे. मग नयनभाई काय बोलले?"

"निभावून नेलं रे कसंतरी. मावशी, जरा पाय घ्या, पाणी येतंय इकडे."

भीमाबाईनं पाय घेतले. टबातलं पाणी हातानं ढवळत राहिली. निभावून नेलं! तिच्या नवऱ्याची मान कापून नेली, आणि हा माणूस ते असं सांगतोय, की सहलीला गेलो होतो आणि गाडी पंक्चर झाली. आणि ऐकणारी बाई त्याच माणसाची बायको आहे, हे त्याच्या लक्षातसुद्धा नाही. टब, बादली, मावशी, सगळं एकाच रांगेत. हेच तिला सगळ्यात जास्त लागलं. त्या क्षणी तिनं ठरवलं की ह्या माणसाचा माल गुलाबी काढायचा, आणि तोही असा की त्याला दुसऱ्या कुणावर ढकलताच येऊ नये.

घरी तिनं हे धोंडिबाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो "जाऊ दे" म्हणाला असता, आणि तिला त्याचाही राग आला असता.

नुसता माल बिघडवणं सोपं होतं. पण भीमाबाई कारखाना ओळखून होती. मिलचं पाप मिलमध्ये दिसत नाही, भट्टीत दिसतं. आणि जिथं दिसतं तिथं उभा असतो भट्टीवाला. आता भट्टीवर पिसवलीचा मारुती होता. हसरा गडी, पूर्वी कधीमधी प्यायचा, पण बायकोनं शपथ घातल्यापासून सोडलेली. त्याच्यावर आळ यायला नको होता. म्हणून तिनं खंडेनवमी निवडली.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते. त्याआधी मिल रिकामी करतात, आतल्या सगळ्या गोळ्या धुवायला बायकांकडे येतात. पाट्याच्या पाट्या. पूजा झाली, नारळ फुटला, की मिलमध्ये पहिल्या गोळ्या आणि पहिला माल साहेब स्वतःच्या हातानं भरतात, सगळ्यांच्या देखत, कपाळाला कुंकू लावून. ती बॅच "साहेबांची" म्हणूनच ओळखली जाते. यंदा तिचं महत्त्वही वेगळं होतं. नयनभाई थकले होते, दिवाळीच्या पाडव्याला ते साहेबांना कारखान्यात भागीदार करून घेणार होते, आणि ही बॅच बघायला गिऱ्हाईक कंपनीची माणसं यायची होती.

भीमाबाईनं उल्हासनगरच्या भंगारवाल्याकडून मोठ्या बेअरिंगच्या पोलादी गोळ्या आणल्या. पैसे देऊन आणल्या. चोरी तिला चालणार नव्हती. पंचशीलातलं एकही मोडायचं नाही, हे तिनं स्वतःला बजावलं होतं. त्या पाचांत सूड घेऊ नका असं कुठं म्हटलंय, असं ती मनाशी म्हणायची आणि तिला बरं वाटायचं. गोळ्या तिनं खडूच्या ओल्या भुकटीत घोळवून वाळवल्या आणि जेवणाच्या डब्यात, चपात्यांच्या खाली घालून आत नेल्या. धुतलेल्या पाट्यांच्या मधोमध त्या सोडून दिल्या. पांढऱ्यात पांढऱ्या.

पूजेच्या वेळी ती मागे उभी होती. साहेबांनी नवा सदरा घातला होता. त्यांनी पाटी उचलली, मिलच्या तोंडात ओतली, आणि टाळ्या पडल्या. भीमाबाईनंही वाजवल्या. मग आलेला पेढा तिनं सावकाश खाल्ला. इतका गोड पेढा आपण आयुष्यात खाल्ला नाही, असं तिला वाटलं.

दसरा गेला, माल भट्टीत गेला, आणि भट्टी उघडायचा दिवस आला. नयनभाई खुर्ची टाकून बसले होते. गिऱ्हाईक कंपनीचे दोघे आले होते. साहेब त्यांना मराठी-इंग्रजीत काही समजावत होते. सलिल बाजूला उभा. बायकांना कुंड्या उचलून न्यायच्या म्हणून भीमाबाईही होती. मारुतीनं पहिल्या कुंडीचं झाकण काढलं.

गुलाबी. अगदी फिकं, पण गुलाबीच. लहान पोरीच्या फ्रॉकला असतं तसं.

भीमाबाई फक्त साहेबांकडे बघत होती, आणि तिला जे बघायचं होतं ते दिसलं. साहेबांचा चेहरा पडला. त्यांना बघताक्षणी कळलं होतं. माल असा का होतो, हे त्या सगळ्यांत त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आता नयनभाई विचारतील, "प्रशांत, मिल तू भरलीस ना?" ती वाट बघत होती.

साहेबांनी मान वर केली आणि ते मारुतीकडे वळले.

"काय रे? झाकणं कुठली वापरलीस? गंजलेली घेतलीस ना?"

"नाही साहेब, नवीन..."

"खोटं बोलू नकोस. तोंड इकडे कर. घेतली होतीस ना? पिऊन झोपला होतास! नयनभाई, मी तुम्हाला मागेच म्हटलेलं, याची सवय सुटलेली नाही."

तेच. शब्दाला शब्द तेच. आणि लोकांनी माना डोलावल्या, कारण मारुती पूर्वी प्यायचा हे सगळ्यांना ठाऊक होतं. मिल साहेबांनी भरली होती, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि एकाच्याही तोंडून मिलचं नाव निघालं नाही. भीमाबाईचा सगळा हिशेब इथं चुकला होता. तिला वाटलं होतं की हात ज्याचा दिसला, दोष त्याला चिकटेल. दोष कसा खाली वाहत येतो, हे ज्या घरानं भोगलं त्याच घरातली बाई हे विसरली.

मारुती हात जोडून काहीतरी बोलत होता. भीमाबाई बोलली नाही. खरं तेच सांगायला हवं: ती थोडा वेळ बोलली नाही. तिला भीती वाटत नव्हती. तिला साहेबांना आणखी खोल जाऊ द्यायचं होतं. बोल, अजून बोल, आणखी एक खोटं बोल, मग बघते, असं तिच्या मनात चाललं होतं, आणि त्यात तिला सुख वाटत होतं. मारुतीच्या डोळ्यांत पाणी आलेलं दिसलं तेव्हा कुठं ती पुढे झाली.

"मारुतीनं काही केलं नाही. मिलमध्ये पोलादाच्या गोळ्या मी टाकल्या."

"काय?" नयनभाई खुर्चीतून उठले.

"धुतलेल्या पाट्यांत मिसळल्या. साहेबांनी आपल्या हातानं ओतल्या. मिल खोला, सापडतील." मग ती साहेबांकडे वळली. "साहेब, तुम्हाला तर बघितल्या बघितल्या कळलेलं. सांगा ना, कसं कळलं? नव्या पोरांना हसत हसत सांगता, ते आज ह्यांना सांगा. रंगवाल्याकडच्या गोळ्यांचं. कंटेनर अडकलेला, त्याचं."

"बाईचं डोकं फिरलंय," साहेब म्हणाले.

सलिल काही धीट मुलगा नव्हता. त्याच्या तोंडून ते निसटलंच. "सर, तुम्ही मला सांगितलेलं ना... तुमची बॅच पण अशीच गुलाबी..." त्यानं जीभ चावली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

नयनभाईंना सगळं जुळवायला वेळ लागला नाही. त्यांनी विचारलं, "प्रशांत, धोंडिबाची बॅच?" साहेब खाली बघत राहिले. गिऱ्हाईक कंपनीचे दोघे आपले मोबाइल बघायला लागले.

"आणि तू?" नयनभाई भीमाबाईवर ओरडले. "इतकी वर्षं इथलं खाल्लं, त्या मिठाला तरी जागायचं!"

"मीठ मी धुते शेठ, खात नाही," ती म्हणाली. डबा उचलला आणि फाटकातून बाहेर पडली. काम गेलं होतं. रस्त्यावर येऊन तिनं उसाचा रस घेतला, बर्फ न घालता, आणि उभ्यानं पूर्ण ग्लास संपवला.

घरी तिनं धोंडिबाला एवढंच सांगितलं की काम सुटलं आणि रविवारी विहारात यायचं, मागे का होईना, पण यायचं. कारण त्याच संध्याकाळी नयनभाईंचा निरोप आला होता, रविवारी साहेब येतील म्हणून. साहेबांना त्यांनी बजावलं होतं की धोंडिबासमोर जाऊन कबूल कर, नाहीतर पाडव्याचं विसर.

साहेब रविवारी आले. गाडी बाहेर लावून, मिठाईचा खोका घेऊन, घर शोधत आले. त्यांना वाटलं होतं की दार लोटून चहा घेत चार शब्द बोलले की झालं. भीमाबाई दारातच उभी राहिली.

"घरात नाही साहेब. नाव घरात गेलं नव्हतं."

"मावशी, समजून घ्या. मी माफी मागायलाच आलोय ना?"

"मावशी नका म्हणू. चला."

ती पुढे, साहेब मागे, मिठाईचा खोका हातात तसाच. विहाराच्या अंगणात वंदना नुकतीच संपली होती, माणसं चपला शोधत होती. धोंडिबा दाराशी होता. भीमाबाईनं हाक मारून सगळ्यांना थांबवलं आणि म्हणाली, "ह्यांना बोलायचंय." साहेबांनी इकडेतिकडे बघितलं. बसायला कुणी खुर्ची दिली नाही.

"धोंडिबा कधीही पिऊन कामावर आले नव्हते," साहेब म्हणाले.

"मोठ्यानं," भीमाबाई म्हणाली.

ते पुन्हा बोलले. माल गुलाबी झाला तो माझ्या चुकीनं, मी खोटं सांगितलं, हेही बोलले. कपाळावर घाम, सदरा पाठीला चिकटलेला. भीमाबाई तो घाम बघत होती आणि मनात म्हणत होती की ह्याला अजून उन्हात उभा करायला हवा. तिच्या मनाला अजिबात पाझर फुटला नाही. तिनं माफ केलं नाही, आजही केलेलं नाही, आणि केलं असं म्हणायचं नाटकही तिनं केलं नाही. मिठाईचा खोका तिनं परत गाडीत ठेवायला लावला.

विहारातली म्हातारी माणसं धोंडिबाजवळ गेली. कुणी त्याचा हात धरला. पुढच्या रविवारी वंदना तुम्हीच घ्यायची, असं सगळ्यांनी ठरवलं. धोंडिबानं मान हलवली. भीमाबाईला वाटलं, झालं. सगळं फिटलं.

घरी येऊन तिनं चहा टाकला. त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं, भंगारवाला, डबा, पेढा, मारुती. सांगताना तिला हसू येत होतं. धोंडिबा ऐकत होता. तिचं सांगून झाल्यावर त्यानं एकच विचारलं.

"मारुतीवर आळ आला, तेव्हा तू किती वेळ गप्प होतीस?"

"किती म्हणजे? थोडा वेळ. त्या मेल्याला अजून खोटं बोलू द्यायचं होतं."

"माझं नाव जायला तेवढाच वेळ लागलेला," धोंडिबा म्हणाला. "तेव्हाही तिथं माणसं उभी होती. थोडा वेळच गप्प होती."

भीमाबाईला राग आला. लग्नानंतर पहिल्यांदा, इतका राग तिला नवऱ्याचा आला. जिच्यामुळे आज सगळ्यांनी हात धरला, तिला असं बोलावं? "तुमच्यासाठी केलं मी," ती ओरडली. "मी बोलले ना शेवटी! नोकरी घालवली ना!" त्यानं आपला कप उचलला आणि धुऊन ठेवला. ती बराच वेळ गॅसजवळ बसून राहिली. मग उठली आणि रिक्षा करून पिसवलीला गेली.

मारुतीचं घर चाळीच्या टोकाला. दार त्याच्या बायकोनं उघडलं. भीमाबाईनं तिला कधी बघितलं नव्हतं. तरुण बाई, डोळे सुजलेले. मारुती घरात नव्हता. शेजारणीनं बाहेरून सांगितलं की मारुतीवर आळ आला त्याच क्षणी कारखान्यातून कुणीतरी हिला फोन केला होता, तुझा नवरा पुन्हा पिऊन सापडलाय म्हणून. ही तडक माहेरी निघून गेली होती, पोरीला घेऊन. मग खरं काय ते कळलं आणि परत आली. पण तोवर मारुती रागानं उठून गेला होता. ह्या घरात माझ्यावर कुणाचा विश्वास नाही म्हणाला, आणि त्या रात्री खरोखरच पिऊन आला. आजही प्यायलाच गेलाय.

"मी भीमाबाई," ती म्हणाली. "गोळ्या मी टाकलेल्या. तुझ्या नवऱ्याचा काही दोष नव्हता. मी लगेच बोलायला पाहिजे होतं. नाही बोलले."

मारुतीच्या बायकोनं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. शिवी दिली नाही, रडली नाही. नुसती बघत राहिली, तिचा चेहरा नीट लक्षात ठेवावा अशी. मग तिनं दार लावून घेतलं.

भीमाबाई तिथंच उभी राहिली. तिला त्या बाईचा राग आला नाही. ही आता विसरणार नाही, हे तिला कळलं होतं. तिच्या जागी आपण असतो, तर आपणही विसरलो नसतो.